दारात पर्यटकाची गाडी उभी, जागामालक जॅमर लावू शकतो का?

अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरचं चौल. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून अरुंद रस्ता. शनिवार-रविवारी किंवा दत्तयात्रेत गर्दी झाली की गाड्या मिळेल तिथे लागतात, कधी थेट वाडीच्या फाटकासमोर. मग मालकाच्या मनात येतं, लावावा जॅमर आणि घ्यावा दंड. पण कायदा काय सांगतो?

जॅमर कोण लावू शकतं?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. सार्वजनिक ठिकाणी गाडी १० तास किंवा जास्त वेळ सोडून दिली असेल, किंवा नो पार्किंगमध्ये असेल, तर ती उचलण्याची किंवा जॅमर लावण्याची परवानगी गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. जागामालकाला हा अधिकार नाही.

मग मालकाने काय करायचं?

आधी बघा, गाडी नेमकी कुठे आहे?

फाटकाबाहेर रस्त्यावर असेल, तर ते सार्वजनिक ठिकाण. वाहतुकीला अडथळा होईल अशी गाडी सोडणं कलम १२२ नुसार मना आहे. फोटो काढा, ११२ ला फोन करा.

वाडीच्या आत असेल, तर खरी पंचाईत. फौजदारी अतिक्रमणासाठी गुन्हा करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो. नुसती गाडी लावली, एवढ्यावर तो सिद्ध होणं अवघड. आणि एका गाडीसाठी दिवाणी कोर्टात कोण जाणार?

तरी 'पैसे दे, मगच गाडी सोडतो' म्हणणं धोक्याचं. तक्रार उलट मालकावरच होऊ शकते. आधी बोर्ड लावून पार्किंगचे पैसे घेणं वेगळं, दंड वसूल करणं वेगळं.

बाहेर काय झालं?

स्कॉटलंडमध्ये १९९२ मध्येच कोर्टाने खासगी जागेतला असा प्रकार बेकायदा ठरवला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१२ पासून त्यावर बंदी आली. पण तिथे मालकाला वाऱ्यावर सोडलं नाही. ठराविक अटी पाळल्या, तर पार्किंगची थकबाकी गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडून वसूल करता येते.

आपल्याकडे नेमका हाच दुसरा भाग नाही. तोवर हातातला उपाय म्हणजे कलम ११७. त्यानुसार स्थानिक संस्थेशी चर्चा करून सरकार पार्किंगच्या जागा ठरवू शकतं. चौलसारख्या गावात गाड्या कुठे लावायच्या हे आधीच ठरलं, तर फाटकासमोरची निम्मी भांडणं होणारच नाहीत.