व्हिडिओ नको, पान द्या : कामाच्या सूचनांत स्क्रीनशॉट आणि कर्सर का हवा



व्हिडिओ चॅनल चालवणारी बाईच सांगतेय की व्हिडिओ करू नका, म्हणून कदाचित हसाल. पण माझं मत ठाम आहे. नवीन व्यवसाय समजून घ्यायला व्हिडिओ उत्तम. मात्र दुकानातलं रोजचं सॉफ्टवेअरचं काम माणसाला शिकवायचं असेल, तर स्क्रीनशॉट लावलेली चार पानं दहा मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडतात. आणि त्या स्क्रीनशॉटवर कर्सर दाखवलेला नसेल, तर पान अर्धंच झालं असं समजा.

आधी हे सांगते की हा विषय पैशाचा का आहे.

"ते त्यालाच माहीत"

छोट्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ते त्यालाच माहीत." बिलिंग कसं करायचं, माल परत आला तर एंट्री कुठे करायची, महिनाअखेरीला सीएला कुठली फाईल पाठवायची, हे सगळं एका मुलाच्या डोक्यात असतं. तो मुलगा गावाला गेला, आजारी पडला किंवा दुसरीकडे दोन हजार जास्त मिळाले म्हणून निघून गेला, की मालक स्वतःच्याच काउंटरवर पाहुण्यासारखा उभा राहतो.

हे नुसतं अवघडल्यासारखं वाटण्यापुरतं नाही. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीआर-१ साठी ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी साठी २० तारीख पाळावी लागते. ३बी ला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, व्यवहार शून्य असेल तरी २० रुपये. करावरचं व्याज वेगळं. विक्रीची फाईल काढता येणारा माणूस १८ तारखेला रजेवर गेला, तर ती फी तुमच्या खिशातून जाते.

मी स्टेशनरीचं दुकान चालवते आणि बीबीएला असताना 'प्रोसेस डॉक्युमेंटेशन' हा शब्द पाठ केला होता. दुकानाच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की काम माणसाच्या डोक्यातून काढून कागदावर आणायचं.

मग व्हिडिओ का नको?

कारण काउंटरवर गिऱ्हाईक उभं असतं. कामगाराला सहाव्या पायरीवर अडचण आली, तर त्याने व्हिडिओ उघडायचा, पुढे-मागे करायचा, आवाज वाढवायचा आणि समोरच्याला "दोन मिनिटं थांबा" म्हणायचं? पान कीबोर्डशेजारी पडलेलं असतं. सहावं चित्र बघितलं, काम झालं. व्हिडिओ सगळ्यांना एकाच वेगाने चालवतो. पानावर ज्याला येतं तो पुढे जातो, अडलेला थांबतो.

दुसरं कारण दुरुस्तीचं. सॉफ्टवेअर बदलतं, दर बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि १२ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ टक्क्यांत आल्या. ज्याच्या सूचनेत १२ टक्के निवडलेला स्क्रीनशॉट होता, त्याला एक चित्र बदलावं लागलं. व्हिडिओ असता तर सगळा पुन्हा शूट करावा लागला असता. आणि खरं सांगू का, आपण पुन्हा शूट करत नाही. जुनाच चालू ठेवतो.

कर्सर हा शोभेचा बाण नव्हे

इथे बहुतेक जण कमी पडतात. स्क्रीनशॉट काढतात, खाली लिहितात "इथे क्लिक करा". इथे म्हणजे कुठे? एका स्क्रीनवर तीस-चाळीस बटणं असतात. नवीन माणसाची नजर आधी रंगीत जाहिरातीकडेच जाते.

गंमत अशी की विंडोजमध्ये नेहमीचं प्रिंट स्क्रीन बटण दाबलं, तर चित्रात माऊसचा कर्सर येतच नाही. स्क्रीनवर बाण दिसत असतो, चित्रात गायब. म्हणजे जी खूण सगळ्यात महत्त्वाची, तीच आपोआप गळते. ती आपल्याला हाताने परत लावावी लागते. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ५ दाबल्यावर पर्यायांत कर्सर दाखवायची सोय आहे. विंडोज ७ पासून 'स्टेप्स रेकॉर्डर' नावाचं छोटं साधन मिळत होतं. प्रत्येक क्लिकला ते आपोआप चित्र काढायचं आणि क्लिक केलेल्या जागेला चौकट करायचं. पण मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये ते बंद करणार असल्याचं जाहीर केलं. म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका, हाताने करायची सवय लावा.

कर्सर का महत्त्वाचा, हे एक्सेलवरून पटकन कळतं. एकाच सेलवर माऊस फिरवा. मधोमध जाड पांढरी अधिकची खूण दिसते, तिने सेल निवडला जातो. कडेवर गेलात की चार तोंडांचा बाण येतो, तो धरून ओढलं तर मजकूर उचलून दुसरीकडे जातो. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या चिमुकल्या चौकोनावर गेलात की बारीक काळी अधिकची खूण येते, ती ओढली की सूत्र खालच्या ओळींत उतरतं.

आता तुम्ही लिहिलंत, "सेल पकडून खाली ओढा." नवीन मुलाने कड पकडली आणि ओढली. स्टॉकच्या यादीतला आकडा जागेवरून उठून दुसऱ्या मालासमोर जाऊन बसला. मुलाने सूचना अक्षरशः पाळली, नुकसान मात्र तुमचं झालं. तिथे बारीक काळ्या अधिकच्या खुणेचं चित्र मोठं करून लावलं असतं आणि लिहिलं असतं "अशी खूण दिसली की मगच ओढा", तर प्रश्नच आला नसता. अशा ठिकाणी कर्सरचा आकार हीच खरी सूचना असते. हाताचं चित्र म्हणजे इथे लिंक आहे, उभी रेघ म्हणजे इथे टाईप करता येतं, फिरणारं गोल म्हणजे थांब बाबा, पुन्हा पुन्हा क्लिक करू नकोस. शेवटचं तर बिल दोनदा सेव्ह करणाऱ्या प्रत्येकाला शिकवावंच.

मी घालून दिलेले नियम

आमच्या दुकानात आणि वर्गातही हेच नियम चालतात.

१. एक क्लिक, एक चित्र. एका चित्रावर पाच बाण काढले की पहिला कुठला तेच कळत नाही.

२. चौकट म्हणजे "इथे बघा", कर्सर म्हणजे "इथे क्लिक करा". दोन्हींचे अर्थ कधी बदलायचे नाहीत. रक्कम तपासायची असेल तर चौकट, बटण दाबायचं असेल तर कर्सर.

३. बाणाचं टोक बटणावर हवं, बाणाचं अंग नव्हे. संगणक टोकच मोजतो. टोक वर डावीकडे असतं आणि अंग खाली उजवीकडे पडतं, म्हणून टोक बटणाच्या उजव्या खालच्या भागावर टेकवा. बटणावरचं नाव झाकलं जात नाही.

४. कर्सरचं पारदर्शक पार्श्वभूमी असलेलं एकच चित्र सेव्ह करून ठेवा आणि तेच सगळीकडे वापरा. खऱ्यापेक्षा दुप्पट मोठं करा. पॉवरपॉइंटमध्ये स्क्रीनशॉटवर हे चित्र ठेवून दोन्हींचा ग्रुप केला की काम झालं, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही.

५. डावं क्लिक, उजवं क्लिक आणि डबल क्लिक वेगळं दाखवा. माऊसचं छोटं चित्र काढून दाबायचं बटण काळं करा, डबल क्लिकला शेजारी २ लिहा.

६. नुसत्या लाल रंगावर विसंबू नका. आपल्याकडे प्रिंट काळीपांढरीच निघते, तिथे लाल चौकट करडी होते. रेघ जाड ठेवा.

७. बटणावर जे नाव आहे तेच लिहा. स्क्रीनवर 'सबमिट' असेल तर सूचनेत 'सादर करा' लिहू नका. मुलगा स्क्रीनवर 'सादर करा' शोधत बसतो.

८. मोबाईलने मॉनिटरचा फोटो काढू नका. त्यात आडव्यातिडव्या लाटा येतात आणि ट्यूबलाइटही दिसते. विंडोज बटण, शिफ्ट आणि एस एकत्र दाबा, हवा तेवढाच भाग निवडा. व्हॉट्सअपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, अक्षरं फुटत नाहीत.

कर्सर जिथे चालत नाही

नियम आंधळेपणाने लावू नका. टॅली वापरणारे जुने हात माऊसला शिवतही नाहीत. तिथे विक्रीला एफ ८, खरेदीला एफ ९, एंट्री मान्य करायला कंट्रोल आणि ए. अशा कामाला कर्सर दाखवणं म्हणजे माणसाचा वेग कमी करणं. तिथे चित्राशेजारी कीबोर्डच्या बटणाचं चित्र काढा.

मोबाईलवर तर कर्सरच नसतो, बोट असतं. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'शो टॅप्स' चालू केलं की बोट टेकलेल्या जागी ठिपका दिसतो, तो रेकॉर्डिंगसाठी चांगला. स्थिर चित्रावर आपणच एक गोल काढलेला बरा. आणि बँकेची बरीच ॲप स्क्रीनशॉट काढूच देत नाहीत. ती अडचण नाही, ते तुमचं संरक्षण आहे. दुसऱ्या फोनने फोटो काढून ते मोडू नका.

चित्रात काय जातंय, ते बघा

हा भाग मी सगळ्यात कडक शब्दांत सांगते. बिलिंगच्या स्क्रीनवर गिऱ्हाइकाचं नाव असतं, मोबाईल नंबर असतो आणि उधारी असते. तो स्क्रीनशॉट कामगारांच्या ग्रुपवर गेला, तिथून कुणाच्या घरी गेला, की कुणाकडे किती थकलंय हे गावभर होतं. गिऱ्हाईक तुम्हाला काही बोलणार नाही. फक्त परत येणार नाही.

म्हणून खऱ्या खात्याचा स्क्रीनशॉट काढायचाच नाही. सरावासाठी वेगळी कंपनी उघडा, 'नमुना ग्राहक १' असं नाव द्या, खोटा माल टाका, त्यावर चित्रं काढा. झाकण्यापेक्षा मुळात नसलेलं बरं. मोबाईलच्या हायलाइटरने काळं केलेलं पुष्कळदा उजेड वाढवला की खालून दिसतं. मार्च २०२३ मध्ये तर असं उघड झालं की गुगल पिक्सेल फोनच्या आणि विंडोजच्या स्क्रीनशॉट साधनांत कापून टाकलेला भाग काही वेळा फाईलमध्येच शिल्लक राहत होता आणि परत काढता येत होता. ती त्रुटी नंतर दुरुस्त झाली, पण धडा घ्यायलाच हवा.

एक गोष्ट मात्र कधीही कापू नका, ती म्हणजे सरकारी संकेतस्थळाचा पत्ता. उद्यम नोंदणी मोफत आहे, तरी तशाच दिसणाऱ्या खासगी साईटवर हजार-दीड हजार भरून आलेले विद्यार्थी मला भेटतात. पान तसंच, रंग तसेच, फक्त वरचा पत्ता वेगळा. म्हणून सरकारी कामाच्या सूचनेत पहिलं चित्र ॲड्रेस बारचं, त्यावर जाड चौकट आणि खाली एक ओळ : "शेवटी गव्ह डॉट इन नसेल तर पुढे जाऊ नका." हे एक चित्र तुमच्या माणसाचे पैसे वाचवेल.

"सगळं लिहून दिलं तर तो शिकून निघून जाईल"

हा आक्षेप प्रत्येक बॅचमध्ये येतो. माझं उत्तर सरळ आहे. जाणारा जातोच. प्रश्न एवढाच की तो गेल्यावर काम तुमच्याकडे राहतं की त्याच्याबरोबर जातं. बिल कसं करायचं हे काही धंद्याचं गुपित नाही. गुपित तुमच्या खरेदीत आहे, गिऱ्हाईक ओळखण्यात आहे. ते कुणी स्क्रीनशॉटमधून चोरत नाही.

दुसरा आक्षेप, "वेळ कुठे आहे?" तुम्ही तीच गोष्ट आठवड्यातून किती वेळा तोंडी सांगता, ते एकदा मोजा. बस, एवढंच म्हणते.

आता करायचं काय?

सगळं सॉफ्टवेअर लिहायला बसू नका, दोन दिवसांत कंटाळाल. ज्या कामासाठी तुम्हाला जेवताना फोन येतो, ते एकच काम निवडा. बहुधा ते 'माल परत' असेल. त्याची आठ-दहा चित्रं काढा, कर्सर लावा, वर तारीख आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा. मग ज्याला ते काम येत नाही अशा माणसाच्या हातात पान द्या आणि तुम्ही गप्प बसा. अक्षरशः गप्प. तो जिथे थांबेल, जिथे मान वर करून तुमच्याकडे बघेल, तिथे एक चित्र कमी आहे. ते घाला आणि दुसऱ्या माणसाला द्या.

कुणीही न विचारता काम पूर्ण केलं, की ते पान लॅमिनेट करा आणि काउंटरच्या खणात ठेवा. महिन्याला एक पान झालं तरी वर्षाला बारा होतात. छोट्या दुकानाची बहुतेक कामं बारा पानांत बसतात. त्यानंतर चार दिवस लग्नाला गेलात तरी फोन कमी वाजेल.

चला, कामाला लागा. पुढच्या व्हिडिओत भेटूच!