तात्यांची बाकी भरा!



हे पत्रक वर्गणीचं नाही. पावतीपुस्तक छापलेलं नाही, डबा फिरणार नाही. दारात मांडव उभा राहत असताना ज्यांनी ज्यांनी "तात्या, पैशाचं बघू हो नंतर" असं म्हटलं, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. म्हणजे जवळजवळ सगळ्या गल्लीसाठी.

मांडववाले तात्या कोण, हे आपल्या भागात सांगायला नको. पूर्ण नाव छापू नका असं त्यांनी हात जोडून सांगितलं, म्हणून छापत नाही. बँकेनं ते वर्तमानपत्रात छापलंच आहे, पत्त्यासकट.

नोव्हेंबर 2024. विधानसभेची धामधूम होती. सभेचा मांडव एका रात्रीत उभा करायचा होता. तात्यांची रीत तुम्हाला ठाऊक आहे: पोरांना खाली ठेवायचं आणि वरची शेवटची गाठ स्वतः मारायची. पहाटे 4 च्या सुमाराला आडवा बांबू सरकला आणि 22 फुटांवरून तात्या पाठीवर आले. मणक्याचं ऑपरेशन झालं. कमरेखाली आजही जाणीव नाही. सभा मात्र ठरल्या वेळी झाली, त्याच मांडवात. पक्षाचं नाव घेत नाही, कुठल्याही पक्षाची सभा असती तरी ती झालीच असती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात शाल आणि नारळ आला. आयसीयूच्या दारात नारळ घेऊन तात्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, उभ्या, आणि आणणारा फोटोसाठी "जरा इकडं बघा" म्हणतोय!

आता घराचं. 2018 साली तात्यांनी 14 लाखांचं कर्ज काढून ते बांधलं. महिन्याचा हप्ता 14,600. सात वर्षांत एक हप्ता चुकला नाही. पडल्यानंतरचेही दोन हप्ते वहिनींनी पाटल्या मोडून भरले. फेब्रुवारी 2025 पासून मात्र थकले, ते डिसेंबरपर्यंत अकरा झाले.

हे तेच घर. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा याच घराच्या वरच्या मजल्यावर 23 माणसं आठ दिवस राहिली. त्यांत हे पत्रक लिहिणारे आम्ही चौघं होतो. बायकांना आडोसा म्हणून तात्यांनी मांडवाच्या कनाती बांधल्या. लग्नाच्या पातेल्यात पिठलं शिजलं. एका म्हातारीला वर चढवेना, तिला खुर्चीत बसवून, खुर्चीला काथ्या बांधून वर ओढली. पाणी ओसरल्यावर सगळे आपापल्या घरचा चिखल उपसायला पांगलो. तात्यांच्या गोदामातल्या सतरंज्या आणि गाद्या कुजून गेल्या होत्या, हे आम्हाला दोन महिन्यांनी, तेही त्यांच्या कामगाराकडून कळलं.

लोक विचारतात, "विमा नव्हता का?" होता. कर्ज देतानाच बँकेनं 38,000 रुपयांचा एकरकमी विमा गळ्यात मारला आणि तो हप्ताही कर्जातच धरला. वहिनी पॉलिसी घेऊन गेल्या, तेव्हा समोरच्या साहेबांनी चष्मा लावून पान उलटलं आणि सांगितलं, "यात मृत्यूच आहे, अपंगत्व नाही." म्हणजे तात्या त्या पहाटे मैदानावरच दगावले असते तर कर्ज फिटलं असतं आणि घर वहिनींचं झालं असतं. जगले, म्हणून घर जातंय. कर्जासोबत विकल्या जाणाऱ्या कित्येक पॉलिसी अशाच असतात. ज्यांच्या घरावर कर्ज आहे त्यांनी आज रात्रीच आपली पॉलिसी काढून वाचावी.

दुसरा विमा 20 रुपयांचा, प्रधानमंत्री सुरक्षा विमा. दोन्ही पाय कायमचे निकामी झाले तर 2 लाख. तात्यांच्या पासबुकात तो हप्ता एक वर्ष कापला गेलेला दिसतो, पुढच्या वर्षी खात्यात 20 रुपयेही नव्हते. (त्याच आठवड्यात त्यांनी एका कामगाराच्या मुलीची शाळेची फी भरली होती. हे वहिनींनी सांगितलं, कपाळाला हात लावून.) आणि कामगारांच्या नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा मजुरासाठी होता. मजुराच्या जागी स्वतः बांबूवर चढणारा मालक त्यात बसत नव्हता.

बँकेचं नाव आम्ही घेत नाही. दंडाच्या रकमेवर व्याज लावलेलं दिसतं. रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या परिपत्रकाप्रमाणे तसं लावता येत नाही, त्याची तक्रार लेखी दिली आहे. बाकी बँकेनं जे केलं ते कायद्यात बसतं, आणि आमचा राग त्याचाच आहे. 2002 च्या सरफेसी कायद्यानं बँकेला कोर्टाची पायरी चढायची गरज ठेवलेली नाही. हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए. मग 60 दिवसांची नोटीस, आणि तिच्यात मागणी थकलेल्या हप्त्यांची नसते, अख्ख्या कर्जाची असते. तात्यांना आली ती 10 लाख 71 हजारांची. मुदत संपली की ताब्याची नोटीस. ती 5 डिसेंबरला दाराला डकवली गेली, दिवाळीचं तोरण अजून वर तसंच असताना. सध्याचा ताबा कागदावरचा आहे. पुढं कलेक्टर कचेरीचा हुकूम निघतो, तहसीलचा माणूस आणि पोलीस येतात, पंचनामा करून सामान बाहेर काढतात. तात्यांच्या घरातल्या सामानात एक खाट आहे आणि तिच्यावर तात्या आहेत.

काहीजण म्हणतात, सहकारी बँक आहे, आपलीच माणसं आहेत, तिला हा कायदा लागू नाही. लागू आहे. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी 5 मे 2020 ला तसा निकाल दिला, तोही शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका बँकेच्या खटल्यात. तेव्हा संचालकांच्या ओळखीवर विसंबू नका. ओळख वार्षिक सभेत नाश्त्यापुरती असते.

ताब्याच्या नोटिशीविरुद्ध पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात 45 दिवसांत दाद मागता येते. ती मुदत 19 जानेवारीला संपते. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं अपंग माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी विधी सेवा समितीकडे अर्ज दिला आहे. लिलावाची जाहिरात निघेपर्यंत सगळं कर्ज फेडून घर सोडवता येतं, पण 10 लाख आपल्याच्यानं उभे राहणार नाहीत, उगाच मोठ्या गप्पा नकोत. होण्यासारखी गोष्ट एकच आहे. थकलेलं मुद्दल आणि व्याज पूर्ण भरलं तर एनपीए झालेलं खातं पुन्हा नियमित करता येतं. रिझर्व्ह बँकेनं 12 नोव्हेंबर 2021 च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. मात्र पूर्ण भरायला हवं, निम्मं भरून चालत नाही. बँकेचे अधिकारी तोंडी तयार आहेत, लेखी मागितलं आहे. आकडा आहे 1 लाख 83 हजार.

आता तात्यांच्या हिशेबाची वही.

ही वही तात्यांनी दिली नाही. वहिनींनी दिली, आणि देताना म्हणाल्या, "त्यांना कळलं तर बोलायचे नाहीत माझ्याशी." फुलस्केप वही, रेक्झीनचा पुठ्ठा, कोपरे उंदरांनी खाल्लेले. तात्यांचं अक्षर मोठं आणि तिरकं. एका पानावर: "सतरंज्या 4, खुर्च्या 30, पातेलं 1. दहावा. घेणे नाही." दुसऱ्यावर: "साखरपुडा. 6,000 पैकी 2,000 जमा. बाकी 4,000." त्यापुढं चार वर्षांनी वेगळ्या शाईत: "मुलगी माघारी आली. घेणे नाही." अशा "घेणे नाही" लिहिलेल्या ओळी आम्ही मोजत बसलो आणि शेवटी मोजणं सोडून दिलं. तिरडीच्या बांबूंची तर नोंदच नाही. ते त्यांनी कधी हिशेबात धरले नाहीत.

"घेणे नाही"च्या एकाही ओळीला आम्ही हात लावणार नाही. जिथं त्यांनी स्वतः "बाकी" असं लिहिलं आहे तेवढ्याच ओळींची बेरीज केली. 63 जणांकडे मिळून 2 लाख 9 हजार. पुन्हा वाचा: थकबाकी 1 लाख 83 हजार आणि येणं 2 लाख 9 हजार. हे घर कर्जानं बुडत नाहीये, आपल्या उधारीनं बुडतंय.

सगळ्यात मोठी बाकी शेवटच्या पानावर आहे. सभेचा मांडव, आगाऊ 10,000, बाकी 46,000. ज्या मांडवावरून माणूस पडला त्याचं भाडंसुद्धा चौदा महिन्यांत दिलं गेलेलं नाही. विचारायला गेलो तर "खर्चाचा हिशेब निवडणूक अधिकाऱ्यांकडे गेला, आता हेड बंद झालं" असं उत्तर मिळालं. महापालिकेच्या प्रचाराला हीच मंडळी गल्लीत येणार आहेत. आली की चहा द्या आणि हेड उघडलं का ते विचारा.

पण आधी आपलं बोलू. गेलं वर्षभर आपण तात्यांना भेटायला जातो. जाताना सफरचंदं नेतो. पाच मिनिटं "सगळं ठीक होईल" म्हणतो. मग बाहेर येऊन रिक्षा स्टँडवर "कुणी सांगितलं होतं या वयात वर चढायला" हेही म्हणतो. एक गृहस्थ तर नोटीस लागल्याच्या संध्याकाळी दारासमोर उभे राहून पावलांनी रुंदी मोजत होते. आम्हाला बघून म्हणाले, "रस्त्याला लागून आहे ना, म्हणून बघत होतो." त्यांचीही वहीत 7,500 बाकी आहे. लिलाव झालाच आणि तिथं ते दिसले, तर त्यांच्या घरच्या कार्याला या गल्लीतला माणूस जाणार नाही, एवढं आम्ही आमच्यापुरतं ठरवलं आहे.

नावं आम्ही चौकात लावणार नाही, तात्यांना ते सहन व्हायचं नाही. वही रोज संध्याकाळी 7 ते 9 मारुतीच्या देवळाच्या पारावर असेल. आपलं पान बघायला आपण यावं, दुसऱ्याचं दाखवलं जाणार नाही. पैसे आमच्या हातात देऊ नका. वहिनींकडून कर्जखात्याचा नंबर घ्या, बँकेत स्वतः भरा, स्लिप जपून ठेवा. एकदम जमत नसेल तर अर्धे आता आणि अर्धे संक्रांतीला, पण 14 तारखेपर्यंत, कारण नंतर 19 ला पुरे पडणार नाही. तिळगूळ द्यायला त्या घरी जाणारच आहात, तेव्हा हात रिकामा नको.

आणि एक. थकबाकी मिटली तरी 14,600 चा हप्ता दरमहा येतच राहणार. तात्यांचा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोन जुने कामगार त्याच्याबरोबर आहेत, गोदामात माल आहे. लग्नसराई तोंडावर आहे. मांडव त्यांच्याकडूनच घ्या, आणि उतरवायच्या दिवशी पूर्ण पैसे द्या. भाडं जास्त वाटलं तर घासाघीस जरूर करा. तात्या खाटेवरून फोनवर दर सांगतात आणि अजूनही स्वतःहून पाचशे कमी करतात. अहो तात्या, आता तरी नका करू.

आम्ही कोण विचारणारे? वहीतली दुसऱ्या नंबरची बाकी आमच्याच मंडळाची आहे: 31,500 रुपये, 2022 आणि 2023 च्या गणपतीचे. ढोलपथकाला रोख दिले, साउंडवाल्याला आगाऊ दिले, मांडवाचे राहिले, कारण तात्या मागणार नाहीत हे आम्हाला माहीत होतं. 3 जानेवारीला ती रक्कम कर्जखात्यात भरली. स्लिपची झेरॉक्स पारावरच्या फळ्यावर लावली आहे. तिच्या शेजारी 62 जणांची जागा मोकळी ठेवली आहे.

आपले,
गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते
सांगली, 4 जानेवारी 2026