शरम सोडा, डॉक्टरला सांगा

सर्व्हरवर एरर आला की मी मध्यरात्री उठतो. पण शौचाला रक्त पडलं, तेव्हा ‘मूळव्याध असेल’ म्हणत चार महिने मलम लावत राहिलो. घरात अम्मीलाही सांगितलं नाही. चूक माझीच.

लालभडक रक्त बहुतेकदा मूळव्याधीचं किंवा फिशरचं असतं. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही रक्त पडतं आणि तो तरुणांनाही होतो. म्हणून अंदाज आपण बांधू नये, डॉक्टरांना दाखवावं. शौचाची सवय बदलली, वजन घटलं, थकवा वाढला तर अजिबात थांबू नका. खूप रक्त, चक्कर किंवा डांबरासारखं काळं शौच असेल तर लगेच हॉस्पिटल गाठा, १०८ला फोन करा.

कॅन्सर लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. टाटा मेमोरियलचं केंद्र आपल्या खारघरमध्येच आहे. उशीर होतो तो आपल्या गप्प बसण्यामुळे.