देणगी नव्हे, वसुली!

‘इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली’, हे वाक्य आजही अनेक सुशिक्षित घरांत कृतज्ञतेने उच्चारले जाते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी धावली, हे खरे. त्यासाठी नाना शंकरशेट यांनी १८४५ पासून प्रयत्न केले होते, हेही तितकेच खरे. परंतु किंमत कोणी मोजली? ब्रिटिश भागधारकांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती; तूट पडली की ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या मार्गासाठी हजारो मजुरांनी प्राण गमावले. जोखीम आपली, श्रम आपले, नफा मात्र लंडनचा! याला देणगी म्हणणे ही आत्मविस्मृतीच होय. हा हिशेब मुलांना घराघरांतून सांगितला गेला पाहिजे.