‘क्रेडिट’ म्हणजे ‘तो विश्वास ठेवतो’

मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचे असो की घरासाठी, हल्ली पहिला प्रश्न येतो, “स्कोअर किती?” ३०० ते ९०० यांमधला एक आकडा आपली पत सांगतो. या पतीला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याची कुळकथा मात्र आकड्यापासून सुरू होत नाही.

‘क्रेडेरे’ या लॅटिन क्रियापदाचा अर्थ विश्वास ठेवणे. त्याचेच एक रूप ‘क्रेडित’, म्हणजे ‘तो विश्वास ठेवतो’. विश्वासाने सोपवलेले धन ते ‘क्रेडितुम’. ग्रीकांचा ‘पिस्तिस’ हा शब्दही श्रद्धा आणि व्यापारातली पत असा दोन्ही अर्थांनी चालतो. गंमत म्हणजे, भाषाशास्त्रज्ञांच्या मते ‘क्रेडेरे’ आणि आपली ‘श्रद्धा’ एकाच मुळापासून निघाली. सासरी गेलेल्या दोन बहिणीच म्हणा ना!

जुन्या काळी सारे छान होते, असे मात्र नाही. मी बँकेत होतो. माणूस पाहून कर्ज देताना आडनाव, ओळख आणि पांढरे कपडेही पाहिले जात. आकड्याने तो पक्षपात पुष्कळ कमी केला, हे मान्यच करायला हवे. पण हप्ता चुकला एवढेच आकड्याला कळते. तो आजारपणाने चुकला की उधळपट्टीने, हे कळत नाही. आणि ज्याने आयुष्यात कधी कर्जच घेतले नाही, त्या काटकसरी माणसाबद्दल त्याला काहीच सांगता येत नाही.

शिवाय विश्वास एकतर्फी कसा असेल? मोबाईलवर मिनिटांत कर्ज देणाऱ्यांनी अनेक घरांची झोप उडवली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम केले. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांवर प्रत्यक्ष वार्षिक खर्च किती पडेल, हे ऋणकोला समजेल अशा भाषेत लिहून देणेही बंधनकारक झाले. म्हणजे धनकोनेही आपली पत दाखवायची आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी आपला स्कोअर विचारला, तर तो जरूर सांगावा. पण सहीपूर्वी तो कागद मागून घ्यावा आणि घरात सर्वांनी मिळून वाचावा. श्रद्धा ठेवावी, पण डोळे उघडे ठेवून.