दखनीची लाज कशाला?

चिंचवड परिसरातल्या उर्दू शाळांत बसणारी मुले कुणाची? सोलापूर, लातूर, गुलबर्गा, विजापूर सोडून एमआयडीसीत पोटासाठी आलेल्यांची. घरी ती दखनी बोलतात. वर्गात कुणी ‘मेरेकू नको’ म्हटले की हशा पिकतो. ‘वैसाच’ लिहिले की त्यातल्या ‘च’वर लाल शाई फिरते. शुद्ध उर्दू ती दिल्ली-लखनौची, आणि भिंतीवर चित्र ताजमहालाचे! आम्ही उर्दू माध्यमातच शिकवतो आणि आमचा या रिवाजालाच विरोध आहे.

आपला इब्राहिम रौजा विजापुरात आहे. एकाच चौथऱ्यावर मकबरा आणि मशीद समोरासमोर, मध्ये हौद. ताजमहालाचे काम 1632 साली सुरू झाले, रौजा त्याआधीचा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने तो बेगम ताज सुलतानासाठी बांधायला घेतला आणि 1627 मध्ये तो स्वतःच तिथे दफन झाला. काम पाहिले मलिक संदलने. खिडक्यांच्या दगडी जाळ्या म्हणजे कोरलेली अरबी अक्षरेच; उजेड त्या अक्षरांतून आत येतो.

या सुलतानाने ‘किताब-ए-नौरस’ रचली ती दखनीत. तिच्यात सरस्वतीची स्तुती आहे. आपल्यापैकी काहींना हे खटकेल. खटकले तरी ते पुसता येत नाही. दखनीने ‘नको’ आणि ‘च’ घेतले ते मराठीकडून. म्हणजे लाल शाई फिरते ती नेमकी आपल्या मातीच्या खुणेवर.

प्रमाण उर्दू परीक्षेला लागते, असे सहकारी म्हणतात. लागते, म्हणून तर आम्ही ती शिकवतो. पण ती शिकवायला आईच्या बोलीची लाज वाटायला लावावी, हे कोणत्या बी.एड.मध्ये सांगितले आहे? बाहेर या वास्तूंना परक्यांच्या खुणा म्हणणारे कमी नाहीत. शहाजीराजे याच आदिलशाहीत सरदार होते, हे आपल्या मुलाला ठाऊक नसेल तर तो त्यांना काय उत्तर देणार? आग्र्याचे चित्र दाखवणार?

यंदाची सहल वॉटर पार्कला नको. सोलापूरमार्गे विजापूरला न्या. रौजापुढे उभी राहून एखादी मुलगी ‘कित्ता बडा है की!’ म्हणाली, तर तिचे वाक्य दुरुस्त करू नका.