बाटलीवरची टक्केवारी कुठे आहे?

केस सरळ करण्याचं क्रीम विकणाऱ्या कंपनीच्या संचालकांस,



तुमच्या बाटलीवर पुढे ठळक अक्षरांत छापलंय ‘सिस्टीन’, खाली ‘अमिनो ॲसिड ट्रीटमेंट’ आणि ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’. मागे, डोळे ताणून वाचावं लागतं अशा बारीक अक्षरांत, ‘ग्लायऑक्सिलिक ॲसिड’. ते किती टक्के आहे? डिस्ट्रिब्युटरला विचारलं, ट्रेनरला विचारलं, कस्टमर केअरला लिहिलं. साधी पोचही आली नाही. नव्या ऑफरचे मेसेज मात्र न चुकता येतात.

सिस्टीनबद्दल माझी तक्रार नाही. केसातल्या केराटिनला बळकटी देणारे गंधकाचे बंध त्याच्यामुळेच तयार होतात. पर्मिंगच्या लोशनमध्येही ते वापरतात. पण २३० अंशांचं प्रेसिंग मशीन फिरवल्यावर केस महिनोन्‌महिने सरळ राहतात, ते मागच्या बारीक अक्षरांतल्या ॲसिडमुळे. हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

ते ॲसिड तापलं की फॉर्मल्डिहाइड सुटू शकतं, जे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच कर्करोगकारक ठरवलं. शिवाय हे ॲसिड टाळूतून शरीरात गेलं की त्याचं ऑक्झलेट होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. इस्राएलमध्ये २०१९ ते २०२२ या काळात असं केस सरळ केल्यावर मूत्रपिंडाला इजा झालेल्या २६ जणांची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या २६ वर्षांच्या एका तरुणीचं मूत्रपिंड २०२०, २०२१ आणि २०२२ अशा तीन वेळा बिघडलं, तिन्ही वेळा पार्लरमध्ये केस सरळ करून घेतल्यावर. तिच्या क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड १० टक्के होतं. टाळूची आग होऊन तिथं जखमाही झाल्या होत्या. डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांच्या पाठीला लावून पाहिलं, त्यांच्याही मूत्रपिंडात स्फटिक सापडले. तिचं प्रकरण आणि हा प्रयोग मार्च २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. आणि तुमचा ट्रेनर आम्हाला सांगतो, “टाळूला लागलं तरी चालतं, अमिनो ॲसिडच आहे!”

बटेवरून मशीन ओढलं की पांढरा धूर उठतो. माझ्याकडची मुलगी नाकाला ओढणी बांधते, तोंड फिरवून डोळे पुसते आणि पुढची बट हातात घेते. कस्टमर तीन-चार तासांनी घरी जाते. ही मुलगी संध्याकाळपर्यंत त्याच धुरात उभी असते. तिच्या फुफ्फुसांचा हिशेब तुमच्या कुठल्या कागदावर आहे?

ग्लायऑक्सिलिक ॲसिडची टक्केवारी बाटलीच्या पुढच्या बाजूला छापा. मशीनच्या तापमानाला धुरात किती फॉर्मल्डिहाइड असतं, त्याचा चाचणी अहवाल जाहीर करा. तोवर तुमचं क्रीम माझ्या पार्लरमध्ये उघडलं जाणार नाही.

आणि पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणींनो, नवी बाटली घेताना आधी ती उलटी करा. मागे ‘ग्लायऑक्सिलिक ॲसिड’ किंवा त्याच्याच कुळातलं ‘ग्लायऑक्सिलॉइल कार्बोसिस्टीन’ दिसलं, तर डिस्ट्रिब्युटरला तिथंच परत द्या.

— एक पार्लरचालक, सांगली